गुंगी की भूल? सशाच्या दाढा घासायला नेण्याआधी

"डॉक्टरसाहेब, भूल नका देऊ, लेकरू लई नाजूक आहे. नुसतं गुंगीचं द्या."

लातूरला दवाखान्याच्या बाकावर, झाकणाची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या एका मावशींचं हे बोलणं कानावर पडलं आणि मला ओशाळल्यासारखं झालं. दोन वर्षांपूर्वी आमच्या सशाला, भुऱ्याला, घेऊन गेलो तेव्हा मीही अगदी हेच म्हणालो होतो.

घोळाचं मूळ आपल्या बोलण्यातच आहे. माणसाची दाढ काढताना हिरडी बधिर केली तरी भूल, सिझेरियनला कंबरेत इंजेक्शन दिलं तरी भूल, आणि शुद्ध पूर्ण घालवली तरी भूलच. त्यामुळे गुंगी म्हणजे छोटी, स्वस्त, बिनधोक भूल असं आपण मनाशी ठरवून टाकतो.

गुंगीत जनावर सुस्तावतं, त्याची भीती उतरते, पण ते पूर्ण गेलेलं नसतं. पायाच्या बोटांना जोरात चिमटा काढला तर पाय ओढून घेतं. पूर्ण भुलीत शुद्ध जाते, अंग सैल पडतं, चिमट्याची दखल राहत नाही, आणि श्वास, रक्तदाब, अंगातली ऊब हे सगळं सांभाळायचं काम डॉक्टरांच्या गळ्यात येतं. दोन्हींच्या मध्ये भिंत मात्र नाही, उतार आहे. केटामाइनसारखं औषध थोडं दिलं तर गुंगी, जास्त दिलं तर भूल. मागितली गुंगी, काम होईना म्हणून दिला आणखी एक डोस, आणि ससा घसरत खाली गेला. पण ऑक्सिजन लावलेला नाही, नाडीवर कोणाचं लक्ष नाही, कारण सगळ्यांच्या लेखी ही नुसती गुंगीच. खरी भीती मला या मधल्या जागेची वाटते.

आता काम कोणतं आहे ते बघा. सशाला २८ दात असतात: पुढचे ६ आणि आतल्या दाढा २२. सुळे नाहीत, तिथे मोकळी फट. हे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला २ ते ३ मिलिमीटर. पुढचे वाकडे वाढले तर बारीक फिरत्या चकतीने कापायला काही मिनिटं पुरतात. त्याला हलकी गुंगी बहुतेक वेळा पुरते, शांत सशाला तीही लागत नाही. (नेलकटरने कापणारे अजून भेटतात. दात उभा चिरतो, चीर मुळापर्यंत जाते आणि जबड्यात पू होतो. तेवढं करू नका.)

दाढांचं प्रकरण वेगळं. सशाचं तोंड जेमतेम उघडतं, गाल आत येतात, जीभ मध्येच असते. खालच्या दाढांची टोकं जिभेला टोचतात, वरच्यांची गालाला. तिथे फिरतं हत्यार चालवायचं आणि सशाने एक हिसका दिला, तर जीभ फाटलीच म्हणून समजा. म्हणून दाढांसाठी पूर्ण भूल. जागेपणी दुर्बिणीने तपासून आतल्या सगळ्या टोकांचा अंदाज येत नाही, तेव्हा नीट तपासायलाही डॉक्टर भूल सुचवतात. त्यात बिल फुगवण्याचा डाव शोधू नका.

सशाला उताणा धरला की तो गप्प पडतो आणि "बघा, कसा झोपला" असं लोक कौतुकाने दाखवतात. ती झोपही नाही आणि गुंगीही नाही. शिकाऱ्याच्या तोंडात सापडल्यावर जीव थिजतो, तसा तो थिजलेला असतो.

धोका किती? ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात गुंगी किंवा भूल दिलेल्या ८,२०९ सशांची नोंद होती. गुंगी-भुलीशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ आणि सशांत १.३९ टक्के निघालं. धडधाकट सशांत ते ०.७३ होतं आणि आधीच आजारी असलेल्यांत ७.३७. दगावलेल्या सशांपैकी निम्म्याहून बरेच जास्त काम आटोपल्यानंतर गेले. म्हणजे कागदावर गुंगी लिहिलंय की भूल, यापेक्षा ससा कोणत्या अवस्थेत टेबलावर गेला आणि उठल्यानंतर कोणी बघितलं, याला वजन जास्त. आणि दाढांचा ससा बहुधा आजारीच जातो. चार दिवस नीट खाल्लेलं नसतं, हनुवटी लाळेने ओली असते. आधी सलाईन आणि हाताने भरवणं, भूल एखाद्या दिवसाने, असं डॉक्टर म्हणाले तर घाई करू नका.

सशाची छाती लहान आणि पोट मोठं, तो श्वासही नाकानेच घेतो. भुलीच्या गॅसचा वास आला की श्वास रोखून धरतो, म्हणून आधी इंजेक्शनने शांत करून मग गॅस देतात. श्वासनलिकेत नळी घालणं अवघड, त्यात काम त्याच तोंडात. नळी जमली नाही तर निदान नाकातून ऑक्सिजन हवा. गुंगी असली तरी हवा. एक गोष्ट मला उशिरा कळली: गॅस बंद केला की तो श्वासावाटे निघून जातो आणि ससा लवकर जागा होतो, पण इंजेक्शनची जड गुंगी तासन्‌तास उतरत नाही. झायलाझिनसारख्या काही औषधांवर उतारा मिळतो, केटामाइनवर नाही.

आपल्याकडचे बहुतेक दवाखाने गुरांचे. झायलाझिन तिथे रोजचं, पण गाईबैलांना ते किलोमागे अगदी थोडं लागतं, सशाचं गणित निराळं. शिवाय दीड किलोच्या जिवात पाव किलोचा अंदाज चुकणं म्हणजे फार झालं. म्हणून वजन काट्यावरच करा, किराणा दुकानातल्या काट्यावर का होईना. सशांवर हात बसलेला डॉक्टर जवळ नसेल तर परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे चौकशी करता येते. ऑक्सिजन आहे का आणि मध्येच लाइट गेली तर काय, हे दोन प्रश्न कुठेही विचारा.

"रात्रीपासून उपाशी ठेवा" असं सवयीने सांगितलं गेलं तर डॉक्टरांना पुन्हा विचारा. सशाला उलटी होतच नाही, आणि उपाशी सशाचं पोट थांबतं. तोंडात घास राहू नये एवढ्यापुरतं थोडा वेळ आधी खाणं काढलं की भागतं.

आमची चूक पुढची होती. जड गुंगीत अर्धंमुर्धं काम झालं, भुऱ्याला घरी आणलं, तो कोपऱ्यात बसून राहिला. "गुंगी उतरली नाही, झोपू द्या," असं म्हणत आम्ही रात्र काढली. सकाळी पिंजऱ्यात एक लेंडी नव्हती. पोट थांबलं होतं, गुंगी कधीच उतरली होती. वरवर दोन्ही सारखंच दिसतं, पण गुंगीतला ससा लडबडतो आणि तासातासाला सुधारत जातो. पोट थांबलेला ससा कुबड काढून बसतो, दात करकरा वाजवतो, आवडीचा पालाही नाकाने ढकलतो. घरी आणल्यावर चार-सहा तासांत त्याने काहीतरी कुरतडायला हवं. नाहीच कुरतडलं तर डॉक्टरांना फोन करा, सकाळची वाट बघू नका. सिरिंजने भरवायचं ते तो नीट गिळायला लागल्यावरच, नाहीतर घास फुप्फुसात जातो. वेदनेचं औषध डॉक्टरांनी दिलेलंच. घरातल्या गोळ्या नकोत, आणि तोंडावाटे अमॉक्सिसिलिन तर मुळीच नको, त्याने सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात.

सशाचं तापमान ३८.५ ते ४० अंशांच्या आसपास असतं आणि भुलीत ते उतरतं. परभणीच्या जानेवारीत कपड्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवा. मे महिन्यात मात्र ४२ अंशांच्या खोलीला ऊब म्हणत नाहीत. तेव्हा सकाळची पहिली वेळ मागा आणि परत आणताना टोपली उन्हात ठेवू नका.

भुऱ्याची टोकं दर दोन-अडीच महिन्यांनी परत येतात. मारवेलचं वाळलेलं गवत वाढवलं, बिस्किटं बंद केली, तरी वाकडी दाढ वाकडीच राहते. आता वजन, औषध, डोस आणि उठायला लागलेला वेळ आम्ही एका कागदावर लिहून घेतो, पुढच्या खेपेला डॉक्टर तो कागद आधी मागतात. तिसऱ्या नोंदीपुढे बायकोने लिहिलंय: ११.४० ला उठला, १.१५ ला दवाखान्यातच कोथिंबीर खाल्ली.