नो मार्कअप आणि अ‍ॅक्सेप्ट: बदल लपवणं वेगळं, बदल मान्य करणं वेगळं

वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस, म्हणजे केलेल्या प्रत्येक बदलाची खूण ठेवणारी सोय, वापरणाऱ्या बऱ्याच जणांचा एक पक्का समज असतो, की स्क्रीनवरची लाल अक्षरं गेली म्हणजे फाइल फायनल झाली. रिव्ह्यू टॅबवर जायचं, ड्रॉपडाउनमध्ये ऑल मार्कअपचं नो मार्कअप करायचं, पान एकदम स्वच्छ दिसतं, मग सेव्ह करायचं आणि मेल टाकून मोकळं व्हायचं. समोरचा फाइल उघडतो, तो पुन्हा ऑल मार्कअप लावतो आणि त्याला खोडलेला शब्द न शब्द दिसतो, कोणी खोडला, कुठल्या तारखेला, किती वाजता, सगळं. कारण नो मार्कअप ही नुसती बघायची पद्धत आहे, फाइलमधल्या बदलांना ती हातही लावत नाही. त्यांचा निकाल लागतो तो अ‍ॅक्सेप्ट किंवा रिजेक्ट केल्यावरच.

एक वाक्य घेऊन बघू. करारात लिहिलंय "रक्कम ३० दिवसांत द्यावी", तुम्ही ट्रॅक चेंजेस चालू ठेवून ३० खोडलं आणि ४५ लिहिलं. ऑल मार्कअपमध्ये ३० वर रेघ मारलेली आणि ४५ खाली अधोरेखित, दोन्ही दिसतात. नो मार्कअपमध्ये फक्त ४५. ओरिजिनल निवडलं तर फक्त ३०, जणू कोणी काही केलंच नाही. म्हणजे एकाच फाइलची तीन रूपं आणि तिन्ही वेळा फाइलच्या आत ३० पण आहे आणि ४५ पण आहे. वर्डची डॉकएक्स फाइल ही मुळात एक झिप असते, तिचं एक्स्टेन्शन बदलून झिप केलं आणि आत डोकावलं तर एक्सएमएलमध्ये, म्हणजे टॅग लावून मजकूर साठवणाऱ्या आतल्या फाइलमध्ये, डिलीट केलेला मजकूर वेगळ्या टॅगमध्ये ठेवलेला असतो आणि त्याच टॅगवर बदल करणाऱ्याचं नाव आणि वेळ असते. आता त्या ४५ वर अ‍ॅक्सेप्ट करा, खोडलेल्या ३० वर पण करा, की मग ३० खरोखर जातं आणि ४५ साधा मजकूर होतो. रिजेक्ट केलंत तर बरोबर उलटं, ४५ जाणार आणि ३० राहणार.

वर्ड २०१३ पासून सिम्पल मार्कअप आलं आणि गोंधळ अजून वाढला असं माझं मत आहे. त्यात मजकूर फायनलसारखा दिसतो आणि जिथे बदल असेल तिथे समासात फक्त एक लाल उभी रेघ. त्या रेघेवर क्लिक केलं की सगळे बदल उघडतात, पुन्हा क्लिक केलं की मिटतात. पण घाईत ती रेघ कोणाच्या लक्षात येते? नो मार्कअपमध्ये तर ती रेघ पण नसते, आणि ट्रॅकिंग चालू असेल तर तुम्ही टाइप केलेलं सगळं गुपचूप नोंदवलं जातच असतं.

हे किती महागात पडतं त्याचं २००५ चं उदाहरण प्रसिद्ध आहे. लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरीरी यांच्या हत्येच्या तपासाचा संयुक्त राष्ट्रांचा रिपोर्ट वर्ड फाइलच्या रूपात बाहेर आला, आणि मजकुरातून आधीच काढलेली संशयितांची नावं ट्रॅक चेंजेसमधून लोकांनी वाचली. इतक्या वरच्या पातळीवर हे होऊ शकतं तर टेंडर, पगाराचं पत्र, रिसर्च पेपरवरचे शेरे यात होणारच, म्हणून मला हा फरक प्रत्येकाला माहीत असावा असं मनापासून वाटतं.

अजून एक गल्लत म्हणजे ट्रॅक चेंजेसचं बटण बंद केलं की झालं असं वाटणं. कंट्रोल शिफ्ट ई दाबून ट्रॅकिंग बंद केलं तर इथून पुढचे बदल नोंदवले जाणार नाहीत, एवढंच. आधीचे तसेच राहतात.

आता अ‍ॅक्सेप्टकडे. त्या बटणाखालच्या बाणात अ‍ॅक्सेप्ट ऑल चेंजेस असतं आणि अ‍ॅक्सेप्ट ऑल चेंजेस शोन, म्हणजे फक्त त्या वेळी स्क्रीनवर दिसणारे बदल मान्य करणं, पण असतं, आणि हे दुसरं फार कामाचं आहे. कोणीतरी अख्ख्या डॉक्युमेंटचा फॉन्ट आणि स्पेसिंग बदलून ठेवलंय आणि त्या ढिगात खरे मजकुराचे बदल सापडत नाहीयेत, अशा वेळी शो मार्कअपमध्ये जाऊन इन्सर्शन्स अँड डिलीशन्सची खूण काढा, फक्त फॉर्मॅटिंग ठेवा आणि मग ऑल चेंजेस शोन. फॉर्मॅटिंगचं सगळं एका फटक्यात मिटतं, मजकुराचे बदल हात न लागता तसेच. एकाच माणसाचे बदल घ्यायचे असतील तर तिथेच स्पेसिफिक पीपलमधून बाकीच्यांची नावं काढायची. मात्र काम झालं की सगळ्या खुणा परत लावा, नाहीतर लपवलेले बदल आहेत हेच विसरायला होतं.

कॉमेंट्सचं खातं वेगळं आहे. अ‍ॅक्सेप्ट ऑलने कॉमेंट जात नाहीत, रिझॉल्व्ह केलं तरी त्या फाइलमध्ये राहतात, त्या डिलीटच कराव्या लागतात. बाहेर पाठवायच्या फाइलवर मी नेहमी फाइल मेनूत इन्फोमध्ये जाऊन इन्स्पेक्ट डॉक्युमेंट चालवायला सांगते, कुठे काही उरलंय का ते तोच शोधून देतो. तिथलं रिमूव्ह ऑल मात्र जपून, ते तुम्हाला एकेक बदल विचारत बसत नाही.

गूगल डॉक्समध्ये असाच बदल सुचवायचा सजेस्टिंग मोड असतो आणि टूल्समधून सुचवलेले बदल बघताना प्रिव्ह्यू अ‍ॅक्सेप्ट ऑल असा पर्याय मिळतो, तोही नुसता प्रिव्ह्यूच. लिबरऑफिस रायटरमध्ये एडिट मेनूत ट्रॅक चेंजेसखाली शो आणि अ‍ॅक्सेप्ट अशा वेगळ्या कमांड आहेत, तिथेही शो बंद केलं म्हणजे बदल गेले नाहीत.

मग नो मार्कअप वापरायचंच नाही का? वापरा की, वाचायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही, खोडाखोडीतून वाक्याची लय कळतच नाही. उलट अ‍ॅक्सेप्टच जरा थांबून करावं, कारण सेव्ह करून फाइल बंद केली की अनडू चालत नाही. म्हणून खुणांसकट एक कॉपी वेगळ्या नावाने ठेवा. तीही नसेल पण मूळ फाइल असेल तर रिव्ह्यूमधल्या कम्पेअरने दोन्ही फाइल्समधला फरक पुन्हा खुणांसारखा काढता येतो, फक्त सगळे बदल एकाच नावावर दिसतात, कोणी कधी काय केलं होतं ते त्यातून कळत नाही.