मृदू की गढूळ?

रिमझिम, टपटप असे शब्द म्हणजे आवाजाची नक्कल, ही समजूत जपानी भाषेपुढे टिकत नाही. हलक्या, संथ पावसाला तिथे 'शितोशितो' म्हणतात आणि पहिल्या तुरळक थेंबांना 'पोत्सुपोत्सु'. हे आपल्या रिमझिम, टपटपसारखेच झाले. पण आवाज न करता पडणाऱ्या बर्फालाही 'शिन्शिन' आहे, मऊ उशीला 'फुवाफुवा' आहे आणि सुखद उबेला 'पोकापोका'. आपले 'लुकलुक' याच जातीचे.

मला सर्वांत आवडतात त्या जोड्या. रेशमी केस 'सारासारा'. 'स'चा 'झ' (झऱ्यातला) केला की 'झाराझारा', म्हणजे खरखरीत. गोटी घरंगळते 'कोरोकोरो', धोंडा 'गोरोगोरो'. चांदणी 'किराकिरा', डोळ्यांत खुपणारे ऊन 'गिरागिरा'. लिहिताना फरक पडतो तो अक्षराच्या खांद्यावरच्या दोन बारीक रेघांचा.

आपल्या शालेय व्याकरणात क, त, प कठोर आणि ग, द, ब मृदू. जपानी परंपरा मात्र ग, द, ब यांना 'दाकुओन' म्हणते, म्हणजे गढूळ ध्वनी!

हे ध्वनी जड, मोठे का वाटतात? 'ब' उच्चारताना ओठ मिटलेले असतात, तरी स्वरतंतू कंप पावत असतात. त्यासाठी हवा खालून वर वाहायला हवी. पण पुढची वाट बंद, त्यामुळे तोंडात हवा साठून दाब वाढतो. स्वरतंतूंच्या खालचा आणि वरचा दाब जवळजवळ सारखा झाला की कंपन थांबते. ते टिकवायला नकळत स्वरयंत्र किंचित खाली सरकते, गाल ताणतात, पोकळी मोठी होते. मिटलेल्या तोंडातून बाहेर झिरपतात त्या मुख्यतः कमी वारंवारितेच्या लहरी, आणि पुढच्या स्वराचा सूरही जरा उतरतो. खोल आवाज मोठ्या वस्तूचा, हे कानाला ठाऊकच असते: टाळ आणि नगारा आठवा. ध्वनिशास्त्रज्ञ जॉन ओहाला यांनी १९८४मध्ये आवाजाची उंची आणि आकार यांच्या या नात्याची मांडणी केली. भाषाशास्त्रज्ञ शिगेतो कावाहारा व सहकाऱ्यांनी ते पोकेमॉन या व्हिडिओ गेममधल्या काल्पनिक प्राण्यांच्या जपानी नावांत तपासले. ज्या नावांत असे घोष, म्हणजे स्वरतंतूंच्या कंपनाने होणारे 'गढूळ' ध्वनी जास्त, ते पोकेमॉन सरासरीने वजनदार निघाले.

यावरून 'शब्दांच्या कंपनांत शक्ती असते' असे कुणी सांगू लागले तर मानू नका. चांगल्या शब्दांनी पाण्याचे स्फटिक सुंदर होतात, हा जपानी लेखक मासारू एमोतो यांचा दावा विज्ञान नाही. ध्वनी आणि अर्थ यांचे नाते ऐकणाऱ्याच्या मेंदूत जुळते, पाण्यात नाही.

शिवाय ते नाते म्हणजे फक्त एक कल, नियम नव्हे. मराठीत 'गुळगुळीत'ला 'ग' आहे आणि 'खरखरीत'ला 'ख'.