मेढ रोवतात, खांब उभा करतात: गोल लाकडाची शेड बांधण्याआधी हा फरक समजून घ्या

मुहूर्तमेढ रोवली असं आपण म्हणतो, मुहूर्तखांब उभा केला असं कोणी म्हणत नाही. आजोबा पण हे दोन शब्द कधी मिसळायचे नाहीत, "मेढ रोवतात रे, खांब उभा करतात" एवढंच म्हणायचे आणि मला लहानपणी वाटायचं की म्हाताऱ्या माणसांची बोलायची पद्धत आहे झालं. आता गावाला स्वतःच्या हाताने दोन शेड बांधून झाल्यावर, आधी लाकडं ठेवायची खोप आणि नंतर गोठा, कळतंय की त्या दोन क्रियापदांत अख्खं सुतारकाम आहे.

लांबून बघितलं तर दोन्ही सारखंच दिसतं. गोल ओंडके उभे, वर आडवं लाकूड, त्यावर वासे, रीप, आणि मग पत्रा नाहीतर कौलं. पण मेढीच्या शेडला जमीन धरून ठेवते आणि खांबाच्या शेडला सांधे धरून ठेवतात. एकाची कृती दुसऱ्याला लावली की शेड पडते, किंवा चार वर्षांत कुजते, आणि आपण दोष लाकडाला देतो.

आधी मेढ. मेढ म्हणजे वर नैसर्गिक बेचकं असलेला ओंडका, त्या बेचक्यात आढं, म्हणजे छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड, बसतं, काथ्याने आवळलं की काम झालं, पटाशी (लाकूड कोरायची छिन्नी) लावायची पण गरज नाही. खाली खड्डा. जमिनीवर आठ फूट ठेवायचं असेल तर निदान अडीच तीन फूट आत गेलं पाहिजे, बुंध्याकडची जाड बाजू खाली, आणि भरताना एकदम माती लोटायची नाही, सहा सहा इंचाचा थर टाकून पहारीच्या बुंध्याने चोपायचं. नीट चोपलेली मेढ एकटी उभी असताना खांद्याने ढकलून बघा, हलत नाही. म्हणूनच छोट्या शेडला तिरपे टेकू लागत नाहीत, वारा आडवा आला तर तो जोर मेढीतून सरळ जमिनीत जातो. वाऱ्याने छप्पर वर उचलायला बघितलं तरी चोपलेली माती ओंडक्याला सोडत नाही, फक्त छप्पर मेढीला पक्कं बांधलेलं हवं.

मग तोटा काय, तर ती कुजते, आणि कुजते ती बरोब्बर जमिनीच्या रेषेला. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. खूप खोल ओल असते पण हवा कमी, वर हवा असते पण पाऊस थांबला की लाकूड वाळतं, आणि जमिनीच्या थोडं वरखाली मात्र दोन्ही गोष्टी वर्षभर मिळतात, शिवाय वाळवी तिथूनच चढते. वाईट म्हणजे मेढीवर वाऱ्याचा सगळ्यात जास्त ताण पण साधारण तिथेच येतो.

गोल लाकडात इथे अजून एक गोष्ट आहे जी मला फार उशिरा कळली. ओंडक्याच्या बाहेरचा पांढरा भाग, तो सागाचा असो नाहीतर ऐनाचा, टिकत नाही, टिकतो तो आतला गडद गाभा. चौकोनी कापलेल्या लाकडात पांढरं बरंचसं निघून जातं, गोल ओंडक्यात ते सगळंच्या सगळं बाहेरून तसंच राहतं. म्हणजे सहा इंच जाडीची कोवळ्या सागाची मेढ रोवली आणि आत गाभा चारच इंचाचा असेल तर पांढरं कुजल्यावर तुमच्याकडे चार इंची मेढ उरते. आणि वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या घनाने बदलते, सहाचे चार झाले की ताकद तिसऱ्या हिश्श्याहून कमी. बुंधा जाळून काळा करतात किंवा डांबर फासतात ते मी पण केलंय, पण पांढऱ्या लाकडाचा गाभा काही त्याने होत नाही, शिवाय ओल्या ओंडक्यावर डांबर लावलं तर आतली ओल आतच राहते. मेढीसाठी जुनं, गाभ्याचं लाकूडच हवं. (आणि झाड स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी साग, ऐन, खैर, फणस, आंबा अशी झाडं तोडायला १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार परवानगी लागते, ती आधी घ्या.)

आता खांब. खांब बसतो तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडावर. आमच्याकडे जोतं जांभ्याचं असतं, पण जांभा सच्छिद्र आहे, पाणी वर ओढतो, म्हणून खांबाखाली काळा दगड हवा, आणि त्याचा माथा किंचित फुगीर ठेवायचा म्हणजे पाणी बाजूला पळतं. असा खांब भिजला तरी वाळतो, सगळा फायदा त्या एका गोष्टीत आहे. पण त्याला धरणारं खाली कोणी नाही. टेबलाचा एकच पाय काढून जमिनीवर उभा करा, बोट लावलं की पडतो, टेबल उभं राहतं ते वरच्या जोडामुळे. तसंच इथे. तुळई (खांबांवरचं आडवं लाकूड) आणि खांबाचा सांधा घट्ट हवा, आणि प्रत्येक खांबाला लांबीकडे पण आणि रुंदीकडे पण पंचेचाळीस अंशाच्या आसपास तिरपे टेकू हवेत. एकाच दिशेला दिले तर दुसऱ्या दिशेला शेड पत्त्यांसारखी झोपते.

गोल लाकडात हा सांधा करणं हेच खरं काम, कारण ओंडक्याला सरळ बाजूच नसते, मोजायचं कुठून? मी चुकत चुकत शिकलो ते असं की साल काढून ओंडका दोन ठोकळ्यांवर पक्का ठेवायचा, हलता कामा नये, मग दोन्ही तोंडांवर मध्यबिंदूतून ओळंब्याने उभी रेघ आखायची, आणि या रेघांना धरून गेरूत बुडवलेली सुतळी वरून ताणून टणकन सोडायची. ती लाल रेघ म्हणजे तुमची सरळ बाजू. यापुढे सगळं माप त्या रेघेपासून, ओंडक्याच्या बाहेरच्या अंगापासून कधीच नाही. जिथे सांधा येणार तेवढ्याच जागी तासणीने चपटं करायचं, बाकी ओंडका गोल राहू दे. खांबाच्या डोक्यावर दीड इंच जाडीचं कुसू, म्हणजे भोकात बसणारी जीभ, काढायचं, तुळईत त्याच मापाचं भोक गिरमिटाने पोखरून पटाशीने साफ करायचं. सांध्यातून आरपार जाणाऱ्या लाकडी खुंटीचं भोक कुसवात दोनतीन मिलिमीटर खांद्याच्या, म्हणजे कुसवाच्या मुळाच्या, बाजूला सरकवून पाडायचं, म्हणजे खुंटी ठोकताना सांधा आपोआप आवळला जातो, ठोकताना आवाज बदलतो तो ऐकू येतो. खुंटी मात्र कडक वाळलेली हवी. खांब ओला असला तरी चालतो, तो वाळताना खुंटीवर आवळतो. वाळताना ओंडक्याला एक लांब उभी भेग पडेल, घाबरू नका, लाकूड मध्याच्या दिशेने आकसतं त्याच्या जवळपास दुप्पट परिघाच्या दिशेने आकसतं म्हणून ती पडतेच, फक्त ती कुसवावरून जाऊ देऊ नका.

आणि छप्पर. दगडावरच्या खांबाला खाली दाबून ठेवतं ते कौलांचं वजन, एक मंगलोरी कौल अडीच किलोच्या आसपास, म्हणजे छोट्या गोठ्यावर पण टनाच्या वर भार जातो. तीच चौकट ठेवून वर पत्रा टाकला की वजन गेलं, पण वाऱ्याची ओढ तेवढीच राहिली. जून २०२० मध्ये निसर्ग आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा कोकणात किती पत्रे उडाले ते आपण बघितलंय. पत्राच घालायचा असेल तर खांब लोखंडी सळीने जोत्याला बांधा.

आयुष्याचा फरक बघायचा तर जपानकडे बघा. इसेचं देवस्थान गोल खांब जमिनीत रोवून बांधतात, आणि दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नवीन उभारतात, शेवटचं २०१३ ला झालं. होर्युजीच्या देवळाचे खांब दगडावर आहेत, ते तेराशे वर्षं उभे आहेत. तिथल्या पागोड्याचा मधला खांब तेवढा मुळात जमिनीत गेलेला होता, आणि नेमका त्याचाच बुंधा कुजून खाली पोकळी झालेली सापडली. लाकूड एकच, हिनोकी नावाच्या जपानी झाडाचं.

माझी चूक झाली ती दोन्हीची सरमिसळ केल्यामुळे. खोपीच्या मेढी रोवल्या आणि सल्ला मिळाला म्हणून भोवती काँक्रीट ओतलं, वाटलं आता कायमचं काम झालं. झालं असं की लाकूड वाळून आकसलं, काँक्रीट आणि मेढीमध्ये नखभर फट पडली, आणि दर पावसाळ्यात त्या फटीत पाणी भरून राहायला लागलं, जायला वाटच नाही. चौथ्या वर्षी स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला तर मुठीपर्यंत आत गेला. चोपलेल्या मुरमातून पाणी निदान खाली झिरपतं. तसंच हल्ली काँक्रीटमध्ये लोखंडी पकड बसवून त्यात खांब बोल्ट करतात, पद्धत चांगली आहे, पत्र्याला तर फारच चांगली, पण लोक त्याला रोवलेलं समजून टेकू देत नाहीत. दोन बोल्टवर ओंडका डुलतो. तो खांबच आहे, त्याला टेकू लागणारच.

घाईत, एकट्याने, आठदहा वर्षांसाठी काही हवं असेल तर मी आजही मेढच रोवेन, तीत कमीपणा काही नाही, दोन दिवसांत सावली होते. गोठा मात्र दगडावर. गेल्या वर्षी त्याच्या पावळीकडच्या (छपराचं पाणी पडतं त्या कडेच्या) खांबाचा पाय जरा मऊ लागला, मग तुळईखाली जॅक लावून अर्धा इंच उचलली, खालचा फूटभर तुकडा कापून टाकला, खैराचा नवीन पाय खाच मारून जोडला आणि जॅक उतरवला. गाई तोपर्यंत आतच बांधलेल्या होत्या.