कार्ताझ: समुद्रावर परवाना लागू लागला, त्यामागचा इतिहास

१५०२ साली पोर्तुगीजांचे मोठे आरमार मलबारच्या किनाऱ्यावर आले आणि मित्र म्हणवणाऱ्या बंदरांतल्या जहाजांनाही एक नवा नियम लागू झाला. कण्णूर, कोची किंवा कोल्लमहून निघणाऱ्या जहाजाकडे पोर्तुगीज वखारीच्या अधिकाऱ्याने सही केलेला कागद असेल तर त्याला जाऊ द्यायचे, नसेल तर ते लुटायचे किंवा जाळायचे. याच कागदाला पुढे कार्ताझ म्हणू लागले. तीनच वर्षांपूर्वी, १४९९ मध्ये, पोर्तुगालच्या राजाने इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान इथल्या विजयाचा, नौकानयनाचा आणि व्यापाराचा स्वामी असे बिरुद घेतले होते. त्या वेळी हिंदी महासागरात त्याचा एकही किल्ला नव्हता.

त्याआधी हा समुद्र सर्वांना खुला होता आणि फिरंग्यांनी येऊन तो बंद केला, ही समजूत आपल्याकडे चांगली मुरलेली आहे. तिच्या उलट बाजूला असे सांगितले जाते की पोर्तुगीजांनी नवे काहीच केले नाही, बळजबरी तर पूर्वापार चालतच होती. या वादाचा निकाल लावायचा तर दाखले एकेक करून तपासावे लागतात, कारण दोन्ही बाजू त्यांतले सोयीचे तेवढेच उचलतात.

सर्वांत जुना दाखला आपल्या शेजारचाच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नौकानयन-मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण आणि चौल यांची नावे ओळीने येतात. कल्याणबद्दल तिथे म्हटले आहे की पूर्वीच्या राजाच्या काळात ते रीतसर व्यापारी बंदर होते, पण सत्ता बदलल्यापासून तिथे अडथळा आहे आणि चुकून शिरलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भरुचला नेले जाते. सातवाहन आणि क्षत्रप यांच्यातल्या भांडणात बंदराचे उत्पन्न एका मुखातून दुसऱ्या मुखात वळवण्याचा हा प्रकार होता. त्याच्याही दोन हजार वर्षे आधी मेलुहाची, म्हणजे बहुधा सिंधू खोऱ्याची, जहाजे मेसोपोटेमियातल्या अक्कडच्या धक्क्याला लागत होती, पण तो समुद्र कोणाच्या ताब्यात होता यावर त्या लेखांतून काही निघत नाही.

सुमात्रावरच्या पालेंबांगहून चालणाऱ्या श्रीविजय राज्याचा दाखला जास्त वजनदार आहे. मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजाने त्यांच्या बंदराला न लागता पुढे जायचा प्रयत्न केला तर होड्या बाहेर पडून त्याच्यावर हल्ला करत, असे तेराव्या शतकातल्या एका चिनी बंदर-अधिकाऱ्याने नोंदवले आहे. चोळांच्या आरमाराने १०२५ मध्ये श्रीविजयाची बंदरे लुटली, त्यामागेही या नाक्याची मक्तेदारी असावी असे मानायला जागा आहे. येमेनच्या एडन बंदरात बाराव्या शतकाच्या अखेरीपासून व्यापाऱ्यांकडून जकातीशिवाय वेगळी पट्टी घेतली जाई आणि तिच्यातून चाच्यांविरुद्धच्या लढाऊ गलबतांचा खर्च चाले. ठाण्याच्या राजाचे चाच्यांशी संगनमत होते, लुटीतले घोडे राजाला आणि बाकीचा माल चाच्यांना, असे १२९०च्या दशकात इकडून गेलेल्या व्हेनिसच्या प्रवाशाने लिहून ठेवले. याच्या अगदी उलट टोकाला आंध्र किनाऱ्यावरच्या मोटुपल्लीचा १२४४ सालचा शिलालेख उभा आहे. वादळात फुटून किनाऱ्याला लागलेल्या जहाजाचा सगळा माल आधीचे राजे हिसकावून घेत, आपण मात्र ठरलेली जकातच घेऊ, असे अभयवचन काकतीय राजाने त्यात दिले.

तेव्हा समुद्र शांत आणि निर्वेध होता हे म्हणणे टिकत नाही. पण हे सगळे दाखले एका बाबतीत सारखे आहेत आणि माझ्या मते वादाचा निर्णय तिथेच लागतो. कल्याण, पालेंबांग, एडन, ठाणे, प्रत्येक ठिकाणी मागणी होती ती बंदराच्या किंवा नाक्याच्या तोंडाशी. जकात दिली, पट्टी दिली, नजराणा दिला की जहाज सुटले. पुढचा खुला समुद्र कोणाचा, हा प्रश्न कोणी विचारत नव्हते. खंबायतहून जेद्द्याला जाणाऱ्या जहाजाला कालिकतच्या राजाची, म्हणजे सामुरीची, परवानगी लागत नव्हती आणि सामुरीच्या बंदरातून हुर्मुझला निघालेल्याला गुजरातच्या सुलतानाची लागत नव्हती. १४०५ ते १४३३ या काळात चिनी बादशहाची अवाढव्य आरमारे सात वेळा इकडे आली, सिंहलद्वीपात त्यांनी राजालाही पकडून नेले, पण वाटेतल्या गुजराती किंवा अरब जहाजांकडे त्यांनी परवाने मागितले नाहीत. परक्या दोन बंदरांच्या मधल्या पाण्यावर हक्क सांगून, तिथून जाणाऱ्याला केवळ कागद नाही म्हणून गुन्हेगार ठरवणे ही गोष्ट १५०२ सालीच सुरू झाली. ती जुन्याच रीतीची पुढची पायरी होती असे म्हणणाऱ्यांनी हा फरक कधी सरळ अंगावर घेतलेला नाही.

पोर्तुगीजांनी स्वतः त्याचे समर्थन कसे केले हेही पाहावे. सोळाव्या शतकाच्या मध्यावर त्यांच्या दरबारी इतिहासकाराने लिहिले की समुद्र सर्वांना सामाईक हा कायदा युरोपातल्या ख्रिस्ती लोकांपुरता आहे. आशियातल्या समुद्रावर आधी कोणीच मालकी सांगितलेली नव्हती, म्हणून तिथे कोणाला वाटेचा हक्कही उरत नाही. म्हणजे इथल्या लोकांनी समुद्र कोणाचा मानला नाही, हेच तो पोर्तुगीजांचा होण्याचे कारण ठरवले गेले.

हा दावा अमलात आला तो तोफांमुळे. अरबी समुद्रातली बरीच जहाजे काथ्याने शिवलेली असत. फळीला फळी भिडवून, कडेला भोके पाडून ती काथ्याने आवळायची आणि वरून माशाचे तेल चोपडायचे. असे जहाज वाळूवर ओढले किंवा खडकाला घासले तरी वाकते, फुटत नाही. त्याच लवचीकपणामुळे त्यावर जड तोफ बसवता येत नाही; बार उडाला की धक्क्याने टाके सैल होतात आणि सांध्यांतून पाणी शिरते. पोर्तुगीज जहाजे जाड बरगड्यांवर खिळ्यांनी ठोकलेली होती आणि त्यांच्या तोफा खालच्या बाजूने जलरेषेजवळ मारा करू शकत. फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवसमोर मिसर, गुजरात आणि कालिकत यांचे एकत्र आरमार हरले, त्यात या फरकाचा मोठा हात होता. त्याच्या महिनाभर आधी आदिलशाहीचे दाभोळ जाळले गेले होते. आपल्याकडे खिळ्यांची आणि तोफांची जहाजे पुढे झाली, पण पहिली वीस-पंचवीस वर्षे हातची गेली.

एवढा मोठा समुद्र मूठभर जहाजांनी कसा राखला, याचे उत्तर वाऱ्यात आहे. नारळी पौर्णिमेच्या सुमारास कोकणचा किनारा पुन्हा उघडतो. तांबड्या समुद्राकडे जाणारी गुजराती जहाजे फेब्रुवारी-मार्चपर्यंत निघत आणि ऑगस्टच्या वाऱ्यावर परत फिरून सप्टेंबरात घरी येत. तेव्हा वर्षभर सगळीकडे पहारा लागत नसे. ठराविक आठवडे तांबड्या समुद्राच्या दाराशी, बाब-अल्-मंदेबच्या तोंडाशी, खंबायतच्या आखाताबाहेर आणि मलबारच्या किनाऱ्यावर गलबते असली की पुरत असे. त्याला नाक्यांची जोड दिली: गोवा १५१०, मलाक्का १५११, हुर्मुझ १५१५, चौलचा किल्ला १५२१, दीव १५३५. एडनवरचा १५१३चा हल्ला मात्र फसला. ते भोक शेवटपर्यंत बुजले नाही.

कागदावर जहाजाचे नाव, खंडी या जुन्या मापात वजन, नाखुद्याचे (कप्तानाचे) नाव आणि वय, कोठून कोठे जाणार, खलाशी किती, स्वसंरक्षणाची हत्यारे किती हे लिहिलेले असे. मिरी, आले, दालचिनी, लोखंड, तांबे, शिसे, लाकूड, सोरा, गंधक हा माल आणि तुर्क प्रवासी यांना मनाई असे. जाताना पोर्तुगीज नाक्याला लागून जकात भरायची आणि येताना पुन्हा लागायचे, अशीही अट असे. तपासणीत एखादी तोफ जास्त निघाली, तांदळाखाली मिरी सापडली, किंवा नाखुदा भलताच निघाला तर परवाना असूनही जहाज जप्त. कार्ताझची फी किरकोळ होती, म्हणून काही अभ्यासक ही पद्धत सौम्य ठरवतात. खर्च फीत नव्हताच. खरा पैसा जकातीत होता आणि खरा जाच वाट पाहण्यात होता. अधिकाऱ्याने सही मार्चच्या पुढे ढकलली की वारा फिरतो, जहाज बंदरात वर्षभर अडकते, कर्जाने उचललेल्या भांडवलावर व्याज चढत राहते. हे टाळण्यासाठी जे वरकड द्यावे लागे ते कोणत्याच हिशेबात दिसत नाही.

उत्तर कोकणाला याची झळ सर्वांत स्पष्ट बसली ती डिसेंबर १५३४च्या तहात. हुमायूनच्या स्वारीच्या भीतीने गुजरातच्या सुलतानाने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्याबरोबरच तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजराती जहाजांनी वसईहून कार्ताझ घ्यावे, परतताना तिथेच येऊन जकात भरावी आणि सुलतानाने आपल्या बंदरांत लढाऊ जहाजे बांधू नयेत, हेही लिहून दिले. मुलूख गेल्याची चर्चा आपल्या इतिहासात होते, या कलमांची होत नाही. माझ्या लेखी ही कलमे मुलखापेक्षा भारी होती: गमावलेला मुलूख परत घेता येतो, पण जहाजबांधणी पिढीभर थांबली की कारागीरच उरत नाहीत.

सत्ताधाऱ्यांनी हे का सोसले, यावर नेहमी एकच उत्तर मिळते: त्यांचे उत्पन्न जमिनीचे, समुद्राची त्यांना फिकीर नव्हती. हे अर्धवट आहे. अहमदनगर आणि विजापूर यांनी १५७०-७१ मध्ये चौल आणि गोव्याला एकाच वेळी वेढा घातला होता. फिकीर नसती तर एवढे सैन्य महिनोन्महिने तिथे अडकवले नसते. वेढे फसले आणि तहात कार्ताझ कायम राहिले. १५७३ मध्ये गुजरात घेतल्यावर मोगलांनीही तेच पत्करले, फक्त बादशाही जहाजाला दरसाल एक कार्ताझ फुकट आणि जकातीची माफी एवढी सवलत मिळवली. त्यावरून दरबारात वाद पेटला. परवान्यावर मरियम आणि येशूच्या प्रतिमा असत आणि खुष्कीचा मार्ग शिया इराणातून जाई, म्हणून हज आता बंधनकारक राहिलेला नाही असा निर्णय एका मोठ्या धर्मपंडिताने दिला. तरी शाही घराण्यातल्या स्त्रिया गेल्याच. पण परवान्याच्या घोळात त्यांना सुरतेत बराच काळ थांबावे लागले आणि १५७६ मध्ये त्या निघाल्या. एवढ्या बलाढ्य बादशहाच्या घरच्यांना समुद्रावर परक्याची सही लागत होती. १६१३ मध्ये तर पुढच्या बादशहाच्या, जहांगीरच्या, आईचे जहाज, वैध कार्ताझ जवळ असताना, शेकडो प्रवाशांसह पकडून गोव्याला नेले. तेव्हा मोगलांनी दमणला वेढा घातला आणि सुरतेत इंग्रजांना जवळ केले.

मिरीची मक्तेदारी त्याआधीच गळू लागली होती. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून सुमात्राच्या अचेहून मिरी थेट तांबड्या समुद्रात जाऊ लागली, आणि पोर्तुगीज कप्तान स्वतःच चोरून व्यापार करत होते. तेव्हा पद्धतीचा कल मक्तेदारीकडून जकातीकडे वळला. शतकाच्या अखेरीस गोवा आणि खंबायत यांच्यामध्ये दोनशेच्या आसपास गलबतांचे काफिले पोर्तुगीज संरक्षणात चालत आणि त्यांना गोव्यात जकात भरावीच लागे. डचांनी १६०३ मध्ये सिंगापूरजवळ पोर्तुगीज जहाज लुटले. त्या लुटीच्या समर्थनातून पुढे आलेली, समुद्र सर्वांचा असे मांडणारी पुस्तिका १६०९ साली छापली गेली. मात्र मसाल्याच्या बेटांवर पाय रोवल्यावर डचांनीही तिथल्या होड्यांना परवाने लावले.

कोकणात त्याचा पुढचा अंक अठराव्या शतकात घडला. कुलाब्याच्या सरखेल आंग्र्यांनी आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांना दस्तक, म्हणजे आपला परवाना, घ्यायला लावले. दस्तक नसेल तर जहाज पकडायचे. रीत तीच, कलमेही बरीचशी तीच. फरक एवढाच की ज्या किनाऱ्यावरून ते हे करत होते तो त्यांचा स्वतःचा होता. मुंबईकर इंग्रज आपल्या जहाजांना परवाने देत होते, गोव्याहून कार्ताझ निघतच होते, पण दस्तकाला मात्र दोघांनीही चाचेगिरी म्हटले आणि तोच शब्द त्यांच्या कागदपत्रांतून आपल्या पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचला. इंग्रजांचे विजयदुर्गावर १७१७ मध्ये आणि खांदेरीवर १७१८ मध्ये झालेले हल्ले फसले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले. सातारकरांची कुमक पोहोचल्यावर तोही बेत फिसकटला आणि जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून वेगळा तह केला.