उंची खाणारी पिन

दोन तुकड्यांचा कीबोर्ड मी पहिल्यांदा जोडला तेव्हा कंट्रोलर, म्हणजे कळा वाचणारा यूएसबीचा छोटा बोर्ड, थेट कीबोर्डाच्या मुख्य बोर्डावर सोल्डर केला होता. दोन महिन्यांनी माझ्याच हातून केबल हिसकली गेली आणि यूएसबीचं तोंड खालच्या तांब्याच्या पट्ट्यांसकट उखडून आलं. सोल्डर केलेले 24 पाय सोडवता सोडवता खालचा बोर्डही गेला. तेव्हापासून कंट्रोलर सॉकेटमध्येच, म्हणजे काढता-घालता येईल असा, बसवायचा, हे ठरलं.

पण नेहमीची बर्ग स्ट्रिप, म्हणजे प्लॅस्टिकमध्ये ओळीने रोवलेल्या पिनांची पट्टी, लावली की तिच्या प्लॅस्टिकचे अडीच मिमी आणि त्या पिना जिच्यात घुसतात त्या फीमेल सॉकेटचे साडेआठ, असे 11 मिमी तिथेच संपतात. चपट्या कीबोर्डात एवढी जागा आणायची कुठून? (लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी आपण जी 'बर्ग' मागतो, ते मुळात एका अमेरिकी कंपनीचं नाव. ती कंपनी 1972मध्ये ड्यूपाँटने घेतली, म्हणून त्याच पिनांवर बसणाऱ्या वायरी 'ड्यूपाँट' झाल्या.)

सॉकेटच्या या उंचीला कारण आहे. आत पातळ पत्र्याच्या स्प्रिंग असतात आणि त्या पिनला दाबून धरतात. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी खरे टेकतात ते मोजक्या सूक्ष्म उंचवट्यांवर. वीज तेवढ्यातूनच जाते. दाब कमी पडला की हे ठिपके आक्रसतात, त्यांवर ऑक्साइड चढतं, आणि कीबोर्डाची एखादी ओळ मधूनच गप्प होते. मग स्प्रिंग आखूड करून सॉकेट बुटकं का करू नये? कारण पत्र्याची लांबी निम्मी केली तर तो आठपट ताठ होतो. तेवढाच वाकवायचा म्हटलं तर त्यावर चौपट ताण येतो आणि एकदा वाकला की तो परत जागेवर येत नाही.

गोल पिनच्या सॉकेटने हा पेच फार सुंदर सोडवला आहे. लेथवर कातलेली पितळी नळी, तिच्यात बेरिलियम-तांब्याची इवलीशी क्लिप, आणि क्लिपची चार किंवा जास्त बोटं पिनला चहूबाजूंनी धरतात. हा मिश्रधातू भरपूर ताण सोसूनही पूर्ववत होतो, म्हणून आखूड बोटांवर भागतं. बोर्डावर उंची राहते 3 मिमीच्या आसपास.

यात बर्गची पिन मात्र कधीही खुपसू नका. ती चौकोनी असते, बाजू 0.64 मिमी, म्हणजे कर्ण 0.9 मिमी. बोटं कायमची फाकतात. गोल पिनची मेल स्ट्रिप मिळते, पण तिच्या प्लॅस्टिकचीही उंची पडतेच. कीबोर्डवाल्यांनी त्यावर काढलेली युक्ती मला मनापासून आवडते: 1एन4148 या छोट्या डायोडचे (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) कापलेले तारेचे पाय. जाडी साधारण 0.5 मिमी, अगदी हवी तशी.

सॉकेट सोल्डर झालं की त्यावर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी चिकटपट्टी) लावायची, नाहीतर सोल्डर भोकातून खाली उतरून नळीत शिरतं आणि सारं कायमचं चिकटतं. कंट्रोलर वर ठेवून प्रत्येक भोकातून एकेक पाय टेप भेदून तळापर्यंत दाबायचा, वरून सोल्डर करायचा, उरलेला कापायचा. घाई करू नये. एक पाय अर्धवट राहिला तर तो दोष नंतर शोधणं जिवावर येतं.

काढताना पातळ प्लॅस्टिकची पट्टी आळीपाळीने दोन्ही टोकांखाली सरकवत केसाकेसाने उचलायचं. एकाच बाजूने उपसलं तर पलीकडचे पाय वाकतात. वाकलेच, तर डायोडचे पाय काडेपेटीत जपून ठेवलेले असतातच.