चरबी जळणं वेगळं, चरबी घटणं वेगळं

‘मी सध्या फॅट बर्निंग मोडमध्ये आहे,’ असं कर्बोदकं बंद करून लोणी-तूप खाणारं कुणी म्हणालं की मी हल्ली एवढंच विचारतो, कुठली चरबी? मग मोबाईल पुढे येतो, त्यात लघवीत बुडवून जांभळ्या झालेल्या पट्टीचा फोटो. पट्टी खोटं बोलत नाही. चरबीपासून यकृतात बनणारी कीटोन नावाची रसायनं तयार होताहेत, म्हणजे शरीर इंधनाला चरबी वापरतंय. पण ती पोटावरची की सकाळी कॉफीत विरघळवलेल्या लोण्यातली, हे पट्टीला कुठून कळणार?

वजन घटणं म्हणजे चरबी घटणं नव्हे, हे एव्हाना बहुतेकांना ठाऊक असतं. कर्बोदकं कमी केली की ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला साखरेचा साठा, कमी होतो, त्याच्या दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी जातं आणि काटा पहिल्याच आठवड्यात खूश करतो. ते सोडून देऊ.

खरा घोळ जळणं आणि घटणं यांत आहे. दिवसभरात १०० ग्रॅम स्निग्ध पदार्थ खाल्ले आणि १०० ग्रॅम जाळले, तर साठा जैसे थे. १५० खाल्ले, १५० जाळले: ज्वलन दीडपट, साठा तरी जागच्या जागी. आता ६० खा आणि १०० जाळा. ज्वलन पहिल्याइतकंच, पण ४० ग्रॅम अंगावरचे गेले. साधी वजाबाकी आहे, पण चर्चा कायम एकाच आकड्याची चालते. ट्रेडमिलच्या पडद्यावरचा ‘फॅट बर्न’ पट्टा हाही त्यातलाच. तो दिसला की माझं डोकंच फिरतं.

केविन हॉल या संशोधकांनी अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेत हेच मोजलं. प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. १९ लठ्ठ माणसं वॉर्डातच राहायला, प्रत्येक घास मोजलेला, आणि श्वासातला ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड टिपणारी बंद खोली. या दोन वायूंच्या गुणोत्तरावरून शरीर काय जाळतंय ते कळतं: निव्वळ कर्बोदकं असतील तर १, निव्वळ चरबी असेल तर ०.७ च्या आसपास. आहारातली ३० टक्के ऊर्जा, म्हणजे रोजच्या सुमारे ८०० कॅलरी, एका खेपेला फक्त कर्बोदकांतून कापल्या, दुसऱ्या खेपेला फक्त स्निग्ध पदार्थांतून. प्रत्येक खेप सहा दिवसांची.

कर्बोदकं कापली तेव्हा इन्सुलिन, म्हणजे चरबी साठवायला लावणारं संप्रेरक, उतरलं, चरबीचं ज्वलन वाढलं, सगळं पुस्तकात लिहिल्याबरहुकूम. अंगावरची चरबी रोज ५३ ग्रॅम घटली. स्निग्ध पदार्थ कापले तेव्हा ज्वलन जवळजवळ हललंच नाही. घट? रोज ८९ ग्रॅम.

यात जादू काही नाही. एक ग्रॅम चरबीत ९ कॅलरी असतात; ८०० ला ९ ने भागून पाहा. ताटातून तेवढी चरबी गेली, शरीर मात्र नेहमीइतकीच जाळत राहिलं. तूट साठ्यातून भरून निघाली. गंमत म्हणजे वजनकाट्यावर कर्बोदकं कापलेली खेपच सरस दिसली. पाणी, दुसरं काय.

आता यावरून ‘बघा, तेल-तूप बंद करा’ म्हणणारेही माझ्या डोक्यात जातात. सहा दिवस, बंद वॉर्ड, मोजून वाढलेलं ताट. तुमचं वर्षभराचं जेवण असं नसतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातले आहारसंशोधक ख्रिस्तोफर गार्डनर यांनी २०१८ मध्ये ६०९ जणांचा वर्षभराचा हिशेब मांडला: कमी स्निग्ध खाणाऱ्यांचं वजन सरासरी ५.३ किलोनं उतरलं, कमी कर्बोदकं खाणाऱ्यांचं ६ किलोनं. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक धरण्याजोगा नव्हता. ज्याला जे खाऊन भूक आवरते, त्यानं ते खावं. कर्बोदकं कमी करून कुणाचं पोट लवकर भरत असेल, एकूण खाणं घटत असेल, तर माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती ज्वलन वाढवायला म्हणून वरून लोणी घेण्याबद्दल. ३० ग्रॅम लोण्यात सुमारे २४ ग्रॅम चरबी असते. आधी ती जाळा, मग पोटाकडे वळा.

आणि त्या पट्ट्या, त्या खरं तर मधुमेहींच्या कामाच्या. कीटोअ‍ॅसिडोसिसचा, म्हणजे रक्तात कीटोन साचून ते आम्लधर्मी होण्याचा, धोका वेळेत लक्षात यावा म्हणून त्या वापरतात, आणि तिथे तो जांभळा रंग दिसला तर कुणी फोटो काढत बसत नाही, डॉक्टरांना फोन करतात.