घुमटातले फासे, पडद्यावरचे फासे

काचेचा एक घुमट. आत नेहमीपेक्षा बरेच मोठे दोन फासे, एका गोल तबकडीवर पडलेले. भोवती खुर्च्या, प्रत्येक खुर्चीसमोर टचस्क्रीन. पैजा लावायची मुदत संपते, ज्याची पाळी असते तो बटण दाबतो, तबकडीला खालून झटके बसतात आणि फासे टणाटण उडायला लागतात. दोनतीन सेकंदांत सगळं शांत. दान किती पडलं ते यंत्रच ओळखतं, कुठे कॅमेऱ्याने, तर कुठे फाशाच्या पोटात बसवलेल्या रेडिओ-चिपने. जिंकलेल्यांच्या खात्यात रक्कम चढते, हरलेल्यांची उतरते. कुणी कुणाशी बोललेलं नसतं.

याला म्हणतात बबल क्रॅप्स. मूळ क्रॅप्स याच्या अगदी उलट, कॅसिनोतला सगळ्यांत गोंगाटाचा खेळ. नावेच्या पोटासारखं लांबट, उंच काठांचं टेबल, काठाला रेलून उभी राहिलेली माणसं, दोन डीलर, वाकड्या काठीने फासे ओढणारा स्टिकमन आणि चिपांच्या (पैशांऐवजी वापरायच्या चकत्यांच्या) राशीमागे बसून सगळ्यांवर नजर ठेवणारा बॉक्समन. फासे खेळाडूच फेकतो, तो शूटर. पलीकडच्या भिंतीवर आदळतील असेच ते फेकावे लागतात. त्या भिंतीला आतून रबरी पिरॅमिडांची रांग असते.

तिसराही एक प्रकार आहे. तिथे फासेच नसतात. पडद्यावर फाशांचं चित्र लोळतं आणि आकडे संगणक काढतो. लोक ‘इलेक्ट्रॉनिक क्रॅप्स’ म्हणत या दोन्हींना एकाच पोत्यात घालतात, पण भौतिकशास्त्राच्या नजरेने घुमट हा पडद्यापेक्षा टेबलाचा जवळचा नातेवाईक आहे.

गणित तिन्हीकडे तेच. दोन फाशांची ३६ दानं. त्यांत ७ सहा प्रकारे पडतो, ६ आणि ८ प्रत्येकी पाच प्रकारे, २ आणि १२ एकेकाच प्रकारे. ‘पास लाइन’वर पैज लावली आणि पहिल्या फेकीत ७ किंवा ११ पडला की जिंकलात, २, ३ किंवा १२ पडला की गेले पैसे. (मराठीत पौबारा म्हणजे नशीब फळफळणं, इथे पहिल्याच फेकीला बारा म्हणजे धुव्वा.) दुसरा कुठलाही आकडा पडला तर तो ‘पॉइंट’ ठरतो. मग ७ च्या आधी तो पुन्हा पडला तर जीत, ७ आधी आला तर हार. सगळा हिशेब मांडला की जिंकायची शक्यता ४९५ पैकी २४४ भरते. म्हणजे दीर्घ काळात कॅसिनो प्रत्येक शंभरामागे साधारण १.४१ ठेवून घेतो. हीच ती ‘हाउस एज’.

हा आकडा खरा ठरायचा तर प्रत्येक बाजू सहात एकदाच पडायला हवी. ती पडते कशावरून?

टेबलावर याचं उत्तर फाशाच्या घडणीत आहे. कॅसिनोचा फासा सुमारे १९ मिलिमीटरचा, पारदर्शक सेल्युलोज ॲसिटेटचा असतो. पारदर्शक यासाठी, की आत वजन लपवता येऊ नये. टिंबांसाठी भोकं पाडतात आणि त्यांत तेवढ्याच घनतेचा रंग भरतात, म्हणजे सहा भोकांची बाजू एका भोकाच्या बाजूपेक्षा हलकी होत नाही. कडा धारदार, अंगावर अनुक्रमांक. एवढं करून काही तास वापरले की फासे बाद.

ही काळजी फाजील वाटत असेल, तर १८९४ साली वेल्डन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने काय केलं ते पाहा. त्याने बारा साधे फासे एकत्र फेकले, आणि तेही २६,३०६ वेळा. एकूण ३,१५,६७२ फासे पडले. त्यांतल्या तिसऱ्या हिश्शावर, म्हणजे १,०५,२२४ फाशांवर, ५ किंवा ६ दिसायला हवे होते. दिसले १,०६,६०२ वर. फरक क्षुल्लक वाटतो, पण एवढ्या फेकींत तो निव्वळ योगायोगाने पडणं जवळपास अशक्य आहे. १९०० मध्ये संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअरसनने काय-वर्ग (chi-square) चाचणी, म्हणजे असा फरक निव्वळ योगायोगाचा आहे का हे तपासायची पद्धत, मांडली तेव्हा तिला जुंपायला हाच विदा घेतला. संशय गेला तो टिंबांच्या खोल खाचांवर: जास्त खाचांची बाजू हलकी, म्हणून ती वर राहते.

पुढची गोष्ट मला जास्त आवडते. २००९ मध्ये झॅकरी लॅबी या शिकागो विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने हा प्रयोग पुन्हा केला, पण हाताने नाही. त्याने एक पेटी बनवली. खालून झटका बसला की बारा फासे उडायचे, वरून वेबकॅमेरा फोटो काढायचा आणि संगणक टिंबं मोजायचा. थोडक्यात काय, पैजा सोडल्या तर त्याने बबल क्रॅप्सचं यंत्रच बांधलं होतं! पेटीने २६,३०६ फेकी पुऱ्या केल्या. वेल्डनसारखा ५-६ चा ठळक कल काही दिसला नाही, पण १ आणि ६ मात्र हिश्शापेक्षा जास्त पडले. मोजल्यावर कळलं की त्या फाशांत १ आणि ६ या समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर किंचित कमी होतं. फासे नकळत चपटे होते, आणि चपटी वस्तू रुंद बाजूवरच बसते.

मुद्दाम असे चपटे केलेले फासे जुन्या ठकांना चांगलेच माहीत होते. इंग्रजीत त्यांना ‘सिक्स-एस फ्लॅट्स’ म्हणतात. कागदावर मांडून पाहिलं तर गंमत दिसते. १ आणि ६ थोडे वाढले तरी ७ ची शक्यता जवळजवळ हलत नाही, कारण १ + ६ जेवढं मिळवतं तेवढंच २ + ५ आणि ३ + ४ गमावतात. पण २, ३ आणि १२ वाढतात, ६ आणि ८ घटतात. पहिल्या फेकीला मारणारे आकडे वाढले, तारणारे पॉइंट घटले. त्यामुळे ‘सात किती वेळा पडला’ एवढंच मोजणारा पहारेकरी गाफीलच राहील.

घुमटात हाताला वाव नाही. टेबलावर ‘मी फासे ठरावीक तऱ्हेने धरून ठरावीक तऱ्हेने फेकतो’ असं सांगणारे शूटर असतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्याचा कणही नाही असं नाही. फासा न्यूटनच्या नियमांनीच चालतो, आणि पोलंडमधल्या वूज इथल्या तोमाश कापितानियाक यांच्या गटाने गणिताने दाखवलंय की उसळ्या मोजक्याच असतील तर सुरुवातीला खाली असलेली बाजूच खाली राहायचा कल उरतो. उसळ्या वाढत गेल्या की तो विरून जातो. रबरी पिरॅमिड तेवढ्यासाठीच असतात. त्यामुळे या शूटरांवर माझा विश्वास नाही, पण ते भिंतीला फासे लागू न देता हळूच का टाकू पाहतात, हे समजतं. घुमटात तबकडी एकामागून एक झटके देते, उसळ्यांना तोटा नसतो.

पडद्यावरच्या फाशांना ना वजन, ना उसळी. तिथे स्यूडोरँडम, म्हणजे नुसतेच यदृच्छ भासणारे, आकडे काढणारं सूत्र असतं: एक बीज द्यायचं, मग प्रत्येक आकडा आधीच्या स्थितीवरून निघतो. इथे फासा ‘चपटा’ होतो तो प्रोग्रॅमरच्या हातून. समजा संगणकाने ० ते २५५ मधला एक आकडा दिला आणि त्याला ६ ने भागून उरलेली बाकी हाच फासा मानला. आकडे २५६, आणि ६ × ४२ = २५२. वरचे चार आकडे ०, १, २, ३ या बाक्यांनाच मिळतात. म्हणजे चार बाजूंना ४३ संधी आणि दोन बाजूंना ४२. एका ओळीच्या आळसाने वेल्डनच्या फाशांहून मोठी खोट तयार होते. उपाय सोपा आहे, २५२ ते २५५ आले की ते टाकून द्यायचे आणि पुन्हा आकडा मागायचा.

खोट नसली तरी अंदाज बांधता येण्याचा धोका राहतोच. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीत केनो या आकड्यांच्या खेळात एक लाख डॉलरचं बक्षीस लागलं आणि चौकशीत निघालं की त्यामागे नेवाडाच्या गेमिंग कंट्रोल बोर्डातलाच तंत्रज्ञ होता. यंत्रं तपासणं हे त्याचं काम. सूत्र कसं चालतं हे कळल्यावर पुढचे आकडे काढणारा प्रोग्रॅम त्याने लिहिला. उडणाऱ्या फाशांवर असा प्रोग्रॅम चालत नाही.

मात्र पडद्यावरचे फासे यंत्रवाल्याच्या मर्जीने पडतात, हा सर्रास असणारा समज नेवाडापुरता तरी चुकीचा आहे. पडद्यावर खऱ्या खेळातला फासा किंवा पत्ता दाखवला, तर त्याची शक्यता खऱ्याइतकीच हवी, असा तिथला नियम आहे. स्लॉट मशीनच्या चित्रांना हे बंधन नाही. (कॅलिफोर्नियात तर उलटी तऱ्हा. फाशांनी थेट निकाल लावायला कायद्याची आडकाठी, म्हणून तिथल्या टेबलांवर निकाल पत्ते लावतात.)

शक्यता बांधलेल्या असल्या तरी परतावा बांधलेला नसतो. तो पैजेगणिक, यंत्रागणिक बदलतो, म्हणून पडद्यावरचा तक्ता वाचावा. आणि इथे कधीकधी यंत्रच खेळाडूच्या बाजूने झुकतं. टेबलावर ६ या आकड्यावर ६ डॉलर लावले तर ७ मिळतात. हाउस एज १.५२ टक्के. पण ५ डॉलर लावले तर हिशेबाने ५.८३ व्हायला हवेत, आणि डीलर सुट्टे मोजत बसत नाही, हातावर ५ च ठेवतो. हाउस एज एकदम ९.०९ टक्के! पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्राला ८३ सेंटही देता येतात.

हे वाचवलेले सेंट वेग खाऊन टाकतो. पास लाइनच्या एका निकालाला सरासरी ३.३८ फेकी लागतात. तासाला शंभर फेकी धरल्या तर १० डॉलरच्या पैजेवर सरासरी तोटा सव्वाचार डॉलरच्या आसपास. पडद्यासमोर एकटाच बसलेला माणूस दर बारा सेकंदांना बटण दाबू लागला तर तोच तोटा साडेबारावर जातो. गणिताचा एकही आकडा न बदलता तिप्पट.

टेबल मात्र रंगात आलं की आणखी मंदावतं. मे २००९ मध्ये अटलांटिक सिटीत एका बाईने १५४ फेकींपर्यंत फासे हातचे जाऊ दिले नाहीत. असं घडायची शक्यता साधारण ५५९ कोटींत एक. त्याला चार तास अठरा मिनिटं लागली, म्हणजे एका फेकीला जवळपास एक मिनिट चाळीस सेकंद, कारण दर दानानंतर टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला चिपा मोजून द्यायच्या होत्या. घुमटातल्या फाशांनी अर्ध्या मिनिटाला एक उडी मारली, तर तेवढ्याच वेळात ५१६ दानं पडतील आणि सरासरीने त्यांतली ८६ सातची असतील.